कोंडवाड्यातला चौथा बैल

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. त्याबद्दल सांगताना आता माझा आवाज चढत नाही. पण एका बैलाच्या चोरीची फिर्याद होती, आणि ती चोरीसुद्धा नव्हती, तिचा विषय निघाला की बायको म्हणते, "आता तरी सोडा हो तो बैल!" मला तो सोडवत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. धाडच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरचं एक मोठं गाव आमच्या हद्दीत होतं. गावाचं नाव सांगत नाही. त्या माणसांची मुलंबाळं तिथंच नांदतात, आणि नाव घेतलं की कोणी ना कोणी म्हणणारच, फौजदारानं पैसे खाऊन लिहिलं.

त्या गावात ग्रामपंचायतीचा कोंडवाडा होता. नव्या वाचकांना सांगायला हवं, कारण आता कोंडवाडे बहुतेक ठिकाणी पडीक झाले. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर धरून तिथं कोंडायचं, मालकानं दंड भरला की सोडायचं, असा तो कारभार. जनावर हाकत आणायचा तो ज्याचं पीक खाल्लं तो शेतकरी. दंड ठरवायची पंचायत, घ्यायचा तिचा सचिव. राखणदाराचं काम फाटक लावायचं आणि जनावराला चारापाणी करायचं, एवढंच. पण सगळ्या गावाच्या शिव्या खायला तोच एकटा. त्याच्या समोरून जाताना बायका बोटं मोडायच्या. हॉटेलात तो बाकावर टेकला की शेजारचा माणूस कप उचलून सरकायचा. गंमत म्हणजे ज्याचं पीक त्याच्यामुळं वाचायचं, तोही त्याला बरं म्हणत नसे. "मुक्या जनावरायले कोंडून पोट भरते," हेच सगळ्यांच्या तोंडी.

मला त्याचं नवल वाटत नसे. त्याच हॉटेलात मी शिरलो की सगळं हॉटेल गप्प व्हायचं. बदली होऊन आलो तेव्हा भाड्याची खोली मिळता मिळेना. एका घरमालकानं तोंडावर सांगितलं, "साहेब, खोली रिकामी हाये, पन पोलिसाले देत न्हाई. घरी पाव्हने येनं बंद होते." मी त्याला विचारलं, तुझ्या घरी चोरी झाली तर कुठं जाशील? तो म्हणाला, "तुमच्याकडंच येईन ना साहेब, अजून कुठं?" आता अशा माणसाला काय बोलावं!

तर हा राखणदार. चाळिशीचा, किडकिडीत, विचारल्याशिवाय न बोलणारा. जमीन नाही. एकच मुलगी, आणि तिची सोयरीक संग्रामपूरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी ठरली होती. घर खाऊनपिऊन सुखी. मुलाच्या बापानं मुलीचं वागणं पाहिलं आणि तिच्या बापाच्या कामाकडं कानाडोळा केला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पोळा झाला की उरकायचं ठरलं होतं. कोंडवाडेवाल्याच्या पोरीला असं घर मिळालं म्हणून गावात बऱ्याच जणांच्या पोटात दुखत होतं. हे मला आमच्या जमादारानं आधीच सांगितलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गावचा एक शेतकरी ठाण्यात आला. मागं दहापंधरा माणसं. त्याचा लाल बैल पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या मुगात शिरला, शेजाऱ्यानं धरून कोंडवाड्यात घातला. पंचायतीचा सचिव तोवर सणासाठी आपल्या गावी निघून गेला होता. तो परतल्यावर हा दंड भरायला गेला, तर सचिव म्हणाला, असा बैल आल्याचं मला राखणदारानं सांगितलंच नाही. कोंडवाड्यात जाऊन पाहिलं तर बैल नाही. राखणदाराला विचारलं तर एकच उत्तर, मले मालूम न्हाई.

"इकला साहेब त्यानं. पोरीच्या लग्नासाठी इकला," मागून एकजण म्हणाला.

"तुम्ही पाहिलं?"

"पाह्याचं काय त्यात? त्याचा धंदाच तो. दुसरा कोन करन?"

चोरीच्या तपासात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की मोजदाद नाही. पारध्याचं पाल जवळ पडलं की तोच चोर. तमाशातली बाई असली की तिनंच फूस लावली. दुसरा कोन करन! पुरावा पाहायचे कष्ट वाचतात. मी फिर्याद नोंदवली आणि राखणदाराला बोलावून घेतलं.

तो बाकावर बसला नाही, भिंतीशी उकिडवा बसला. बैल आला होता का? हाव. आता कुठं आहे? मालूम न्हाई. सचिवाला का सांगितलं नाही? गप्प. फाटक कुणी उघडलं? गप्प. चोर खोटं बोलतो, पण काहीतरी बोलतो. हा माणूस खोटंही बोलत नव्हता. जमादार माझ्याकडं पाहत होता. त्याला पोलिसी खाक्या दाखवायची घाई झाली होती. मी त्याला चहा सांगायला बाहेर पाठवलं.

दोन दिवसांनी खबर आली. आमचा एक पानठेलेवाला खबऱ्या होता. त्यानं सांगितलं की राखणदार धाडच्या बाजारात दिसला, ढोरांच्या बाजाराच्या बाजूनं येत होता आणि हातात नवं लुगडं होतं. गावात ही बातमी माझ्याआधी पोचली होती. झालं, गावानं निकाल लावून टाकला. त्याच संध्याकाळी संग्रामपूरकडं कोणीतरी निरोपही पाठवला, की तुमचा होणारा व्याही बैलचोर निघाला. असल्या कामाला गावात माणसं कधी कमी पडत नाहीत.

मी स्वतः धाडला गेलो. ढोरांच्या बाजारातले दलाल बैल एकदा पाहिला की विसरत नाहीत. तशा खुणेचा बैल तिथं आलाच नव्हता, हे सगळ्यांनी छातीठोक सांगितलं. कापडवाल्यानं सांगितलं की लुगड्याचे पैसे त्या माणसानं उन्हाळ्यापासून थोडेथोडे आणून दिले होते. आणि ढोरांच्या बाजाराच्या बाजूनं तो का आला? कारण बसथांब्याची वाट तिथूनच जाते. सगळं धाड त्याच बाजूनं येतं.

मग मी गावातल्या साक्षीदारांचे जबाब घ्यायला बसलो. सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्यापासून सुरुवात करायची, ही माझी जुनी सवय. ओरडणारा माणूस बोलण्याच्या भरात जास्त सांगून जातो. हा गडी पहिल्या दिवसापासून तक्रारदाराच्या मागं होता.

"म्या माह्या डोयानं पाह्यला तो लाल बैल," तो म्हणाला. "पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवस बुडताना. फाटकाच्या फटीतून पाह्यला."

"तुम्ही फाटकाशी कशाला गेला होता?"

"माहा बैल पाह्याले."

जमादाराची लेखणी थांबली. त्या गड्याच्याही लक्षात आलं, पण उशिरा.

"तुमचाही बैल कोंडला होता?"

"...हाव."

"मग आता कुठं आहे?"

"घरी हाये, साहेब."

"दंड भरला?"

त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"सचिव गावात नव्हता, दंड भरला नाही. मग बैल घरी आला कसा?"

"आला आपल्या पायानं. पोळ्याचा दिवस व्हता साहेब. देवाची करनी."

मी खुर्चीतून उठलो. खोटं सांगत नाही, मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. देवाची करनी म्हणे! याचा बैल सुटला तर देवानं सोडला आणि दुसऱ्याचा सुटला तर राखणदारानं विकला. मी त्याला बाहेर बसवला आणि गावात चौकशी केली. असे आणखी दोघं निघाले. पोळ्याच्या सकाळी दोघांचे बैल दंड न भरता दारात येऊन उभे. एकाचा तर मागच्या पोळ्यालाही आला होता. तिघांनीही कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर दंड भरावा लागला असता. आणि तिघंही त्या चौथ्या बैलासाठी राखणदाराला बेड्या घाला म्हणून माझ्या ठाण्याच्या पायरीवर ओरडत होते.

राखणदाराला पुन्हा बोलावलं. या वेळी खोलीत तो आणि मी, दोघंच. मी म्हटलं, "तीन बैल कुठं गेले ते मला कळलंय. आता चौथ्याचं सांग."

त्यानं दार लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, आवतन देल्लेल्या बैलाले कोंडून ठेवू का?"

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना हे कळणार नाही. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तुपाहळदीनं मळतात आणि त्याला जेवणाचं आमंत्रण देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर ज्याच्या खांद्यावर जू ठेवलं त्याला एक दिवस पाहुणा करायचा. ज्याचा बैल त्या वेळी कोंडवाड्यात असेल तो फाटकाशी जाऊन हळूच आवतन देऊन येतो. पण सचिव सणाला गावी गेलेला. दंड घ्यायला कोणी नाही, म्हणजे कायद्यानं सुटकाच नाही. आमंत्रण मिळालेला पाहुणा सणादिवशी उपाशी. हे राखणदाराला बघवत नसे. म्हणून सचिव गेल्यावर आलेल्या बैलांची बातमी तो त्याला देतच नसे, आणि पोळ्याच्या दिवशी पहाटे फाटक उघडायचा. जनावरं आपापल्या घरी जायची. कित्येक वर्षं असं चाललं होतं.

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगलं त नोकरी जाते, साहेब. नोकरी गेली त सोयरीक गेली. न्हाई सांगलं त चोर ठरतो, तरी सोयरीक गेली. दोन्हीकून पोरीचंच मरन." मग म्हणाला, "अन् कोंडवाडेवाल्यानं बैल दयेनं सोडला, हे कोन खरं मानन? तुम्ही मानता का?"

मी मानलं. शेतकऱ्याचा मुलगा आहे मी. तीन बैल घरी गेले, म्हणजे चौथाही घरीच गेला असणार. फक्त त्याचं घर कोणतं, एवढं पाहायचं होतं. तक्रारदाराला विचारलं, बैल कधी घेतला? म्हणाला, उन्हाळ्यात, मोताळ्याच्या बाजारात. एवढी साधी गोष्ट त्याला फिर्याद देताना सांगायची सुचली नव्हती आणि मला विचारायची. नवा बैल मोकळा सुटला की जुन्या गोठ्याची वाट धरतो, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण सगळ्यांना चोर हवा होता, बैल नव्हे.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून मोताळ्याकडच्या त्या खेड्यात गेलो. तक्रारदार बरोबर होता. अंगणात लाल बैल निवांत रवंथ करत उभा. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरांची माळ. दारात एक म्हातारी बसली होती. बैल तिच्या मुलानं विकला होता. पोलीस पाहून ती उठली नाही.

"न्या," ती म्हणाली. "पन चोर म्हनू नका. पोळ्याच्या आदल्या दिवशी जुनी सवय म्हनून म्या रिकाम्या खुट्याले आवतन देल्लं. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना हा दारात. आता जेवाले आलेल्या पाव्हन्याले हाकलू का मी?"

"पण आजी, निरोप तर द्यायचा!"

"देनारच होतो. पोरगा म्हने उद्या जातो, उद्या जातो. मले काही घाई नव्हती."

तिच्यावर रागवायचं मला जमलं नाही. जुन्या मालकाकडं बैल मिळून आल्याचा पंचनामा केला आणि बैल तक्रारदाराच्या ताब्यात दिला. निघताना म्हातारीनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि घरात निघून गेली. घाट चढताना तक्रारदार मला म्हणाला, "साहेब, पन तिथवर नेऊन तं त्यानंच सोडला असन." मी जीपमध्ये होतो आणि तो बैलाबरोबर चालत, म्हणून वाचला.

अहवालात मी लिहिलं की फाटक उघडं राहिल्यानं बैल निघून गेला, चोरी झालेली दिसत नाही. फाटक उघडं राहिलं हे खरंच होतं. ते कुणी उघडलं हे मला कुणी लेखी विचारलं नाही.

बैल गावात परत आला तेव्हा वाटलं, संपलं प्रकरण. दिवस मावळायच्या आत गावात नवी गोष्ट तयार होती: राखणदारानं विकला होता, फौजदारानं पैसे खाल्ले आणि परत आणवला. बैल डोळ्यांसमोर उभा, तरी चोर तो चोरच. आणि त्याच्या जोडीला मी.

चार दिवसांनी मुलाचा बाप ठाण्यात आला. स्वच्छ धोतर, सभ्य माणूस. म्हणाला, "साहेब, साक्षगंध तोंडावर आलं. तो चोर हाये का न्हाई, येवढंच सांगा." राखणदाराला विचारून, त्याची परवानगी घेऊन मी त्याला सगळं खरं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "राग मानू नका साहेब. पन पोलिसाच्या बोलन्यावर पोराची सोयरीक कशी करू? गावातल्या एका तरी मानसानं म्हनावं."

मी त्या तिघांना बोलावून घेतलं. समोर मुलाचा बाप, बाजूला राखणदार. मी सांगितलं, "दंडाशी माझा संबंध नाही. तुमचं नाव कुठं लिहिणार नाही. या पाहुण्यांना फक्त एवढंच सांगा, पोळ्याला तुमचे बैल कुणी सोडले?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. जो माझ्यासमोर सगळं बोलून बसला होता, तो म्हणाला, "आमाले काही मालूम न्हाई, साहेब." बाकीच्या दोघांनी मान हलवली.

एका मुलीचं लग्न तिथं टांगणीला लागलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना, तेही ठाण्याच्या चार भिंतींत. मी ओरडलो, समजावलं, पुन्हा ओरडलो. जितका ओरडलो तितकं मुलाच्या बापाला वाटत गेलं की फौजदार दमदाटी करून साक्ष काढतोय. त्यानं मला हात जोडले, राखणदारालाही जोडले, आणि तो निघून गेला. राखणदार मला म्हणाला, "राहू द्या साहेब. कायले जीव जाळता." सोयरीक मोडली.

पुढचा पोळा आला. सणाच्या सकाळी मी ठाण्यात बसलो होतो, तोच तिघं तावातावानं आत शिरले. तेच तिघं. त्यांच्यातल्या दोघांचे बैल पुन्हा कोंडवाड्यात होते आणि राखणदार फाटक उघडायला तयार नव्हता.

"साहेब, काळीज न्हाई त्या मानसाले! बैलायले आवतन देल्लं आम्ही. सणाचा दिवस, अन् सोडत न्हाई म्हनते!"

"सचिव नाही. दंड कोण घेणार? कायद्यानं नाहीच सोडता येत," मी म्हटलं.

"अन् दरसाल कसा सोडत होता? आता काऊन न्हाई?"

जमादारानं माझ्याकडं पाहिलं. मागच्या वर्षी एका मुलीच्या संसारासाठी जे तोंडातून निघालं नाही, ते आज स्वतःच्या बैलासाठी न विचारता निघालं होतं. मी विचारलं, "हे मागच्या वर्षी का नाही बोललात?" एकजण म्हणाला, "तवा तं तुमी इचारून राह्यले होते, साहेब. पोलिसाले कोन सांगन?" मी त्यांना बाहेर काढलं. त्यांच्या बैलांनी तो पोळा कोंडवाड्यात काढला आणि गावानं राखणदाराला वर्षभर कसाई म्हटलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी गोड उत्तर देणार नाही. माणूस कोणता धंदा करतो यावरून लोक तो कोण ते ठरवतात, आणि मग तो प्रत्यक्षात काय करतो ते पाहायचंच बंद करतात. राखणदारानं फाटक उघडलं तेव्हा तो चोर होता, लावून ठेवलं तेव्हा कसाई. ज्यांनी त्याच्या दयेचा दरसाल फायदा घेतला, त्यांनीच त्याला दोन्ही नावं दिली. तपासात तेव्हापासून मी एक पथ्य पाळलं: "दुसरा कोन करन" असं जो म्हणेल, त्याच्याच घरून चौकशी सुरू करायची. त्याचा उपयोग झाला. पण त्या मुलीला नाही झाला.

तिचं लग्न पुढं दोन वर्षांनी जमलं, दूर जालन्याकडं. राखणदार मला सांगायला ठाण्यावर आला. चेहरा उजळला होता. मुलाकडच्यांना त्यानं आपलं काम सांगितलं नव्हतं. पंचायतीत नोकरीला आहे, एवढंच म्हणाला होता. मी मनापासून म्हटलं, "लग्नाला नक्की येतो."

त्यानं मान खाली घातली. "साहेब, तुमचे लय उपकार हायेत. पन येऊ नका," तो म्हणाला. "दारात पोलीस दिसला की पाव्हने इचारतीन, कायले आला म्हून."

मी गेलो नाही.